व्हिलन मूळचा कोण?



जालन्यात आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ मुलांची अभ्यासिका चालते. कचेरी सुटली की आम्ही घरी चहा घेतो आणि तेथे जाऊन बसतो. हिशेब, अर्ज, फॉर्म हे आमचे विषय. इंग्रजीचे म्हणाल तर बी.कॉम.च्या परीक्षेत त्या विषयात आम्ही काठावर पास झालो होतो, हे वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. तरी मुले इंग्रजीच्या शंका आमच्यापाशीच आणतात. दुसरे कोणी नाही म्हणून.

गेल्या महिन्यात दहावीतील एक मुलगी अभ्यासिकेतला जाडजूड जुना शब्दकोश उचलून घेऊन आली. तिचे वडील पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आहेत, आई बियाण्याच्या गोदामात निवडणीला जाते. मुलगी म्हणाली, “काका, ह्या पुस्तकात व्हिलन दोनदा छापलाय. एकदा ‘ए’ घालून, एकदा ‘ई’ घालून. चूक कोणती?”

आम्ही चष्मा लावून पाहिले. चूक कोणतीच नव्हती. दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच. ‘ए’वाला व्हिलन म्हणजे दुष्ट माणूस, खलनायक. तो आपल्याला सिनेमामुळे चांगला माहीत आहे. ‘ई’वाला व्हिलन म्हणजे जुन्या काळी इंग्लंडात जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला, वेठ करणारा शेतकरी. हा दुसरा शब्द आता इंग्रज माणूसही बोलत नाही, इतिहासाच्या पुस्तकात तेवढा उरला आहे. पण मुळात हे दोन शब्द नाहीतच. एकच शब्द आहे. वेठ करणाऱ्याचे जे नाव होते, तेच पुढे दुष्टाचे नाव झाले.

मुलगी म्हणाली, “असं काहून झालं काका?”

आम्ही म्हणालो, “उद्या सांगतो.” उद्याचे पंधरा दिवस झाले. त्या पंधरा दिवसांत जे वाचले आणि जुळवले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘विला’ म्हणजे शेतावरचा वाडा, आणि त्या वाड्याला लागून असलेली जमीन, गोठे, कोठारे अशी सगळी मालमत्ता. त्या मालमत्तेवर राबणारा तो ‘विलानुस’. फ्रेंच भाषेत त्याचा ‘विलेन’ झाला. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांची बोली फ्रेंच झाली आणि तिच्या पाठोपाठ हा शब्द इंग्लंडात आला. ‘व्हिलेज’ म्हणजे खेडे, हाही त्याच मुळातला. आणि आजचा ‘व्हिला’ही त्यातलाच. जालना शहराबाहेर कोणत्याही रस्त्याने जा, प्लॉटिंगच्या फलकांवर अमुक व्हिला, तमुक व्हिला अशी नावे दिसतील. म्हणजे पाहा, वाड्याचे नाव मानाचे राहिले आणि त्या वाड्यासाठी राबणाऱ्याचे नाव शिवी झाले.

आरंभी मात्र त्या शब्दात शिवी नव्हती. विल्यम राजाने १०८६ मध्ये साऱ्या देशाची मोजणी करून एक दप्तर तयार केले. ‘डूम्सडे बुक’ म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि लंडनला सरकारी दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेले आहे. कोणत्या गावात किती नांगर, किती कुरण, किती गिरण्या, कोणाकडे किती जमीन, आणि माणसे किती, हे सर्व त्यात गाववार लिहिले आहे. आपल्या सातबाऱ्याचा पणजोबा म्हणा ना! त्यात नोंदलेल्या कर्त्या माणसांपैकी सुमारे चाळीस टक्के ‘विलानुस’ आहेत. त्याचा तेथला अर्थ साधा आहे : गावकरी, गावचा शेतकरी. त्याच्याही खाली झोपडीवाले होते आणि त्यांच्याही खाली गुलाम होते.

पुढच्या शे-दीडशे वर्षांत राजाच्या न्यायालयांनी या गावकऱ्याला कायद्याने ‘अस्वतंत्र’ ठरवले. त्याच्याकडे तीसेक एकर जमीन असे, पण तिच्याबद्दल मालकावर राजाच्या दरबारी फिर्याद करता येत नसे. आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबायचे. सुगीत त्याहून जास्त दिवस. या सुगीच्या जादा कामाला इंग्रजीत जो शब्द होता त्याचा अर्थ ‘विनंतीचे काम’ असा होतो. मालक विनंती करतो आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही! वेठ आणि बिगार या शब्दांत निदान असा गोडवा नाही. जे आहे ते उघड आहे.

आणखी ऐका. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे भरून परवानगी घ्यायची. दळण मालकाच्याच गिरणीत दळायचे आणि त्याचा हिस्सा तेथेच मोजून द्यायचा. गाव सोडून दुसरीकडे राहायचे तर वर्षाला दंड. आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाकडे पोहोचवायचे. हे वाचताना आम्ही जरा थांबलो. तिकडे मालकाच्या हक्काचे जिवंत जनावर होते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या हक्काचे म्हणून जे गावाने दिले ते मेलेले. तेही त्यांनीच गावाबाहेर ओढून न्यायचे.

आता मुलीचा प्रश्न. असे का झाले? राबणारा माणूस दुष्ट कसा ठरला?

कारण शब्दाचे अर्थ लिहून ठेवणारे कोण होते ते पाहा. गावच्या नोंदी मालकाचा कारकून लिही. गाणी आणि गोष्टी सरदारांच्या वाड्यांत ऐकवल्या जात. तेथे बसलेल्यांना गावचा राबता माणूस मळका, आडदांड, रीतभात नसलेला दिसे. आधी ‘विलेन’ म्हणजे गावकरी. मग ‘गावंढळ’. मग ‘हलक्या वृत्तीचा’. मग ‘काहीही करायला न कचरणारा’. शेवटी ‘बदमाश’. कोणी सभा भरवून हे ठरवले नाही. एकेक पायरी उतरत शब्द तेथे पोहोचला.

हा एकच शब्द असा नाही. इंग्रजीत ‘बूर’ म्हणजे असभ्य माणूस, मुळात अर्थ शेतकरी. ‘चर्ल’ म्हणजे उद्धट, मुळात अर्थ साधा स्वतंत्र कुणबी. आणि उलट बाजूला ‘जंटल’ म्हणजे सभ्य, मुळात अर्थ चांगल्या घराण्यात जन्मलेला. ‘कर्टसी’ म्हणजे सौजन्य, ते ‘कोर्ट’पासून, म्हणजे राजदरबारापासून आलेले.

आपल्याकडेही तेच. ‘ग्राम’ म्हणजे गाव, पण ‘ग्राम्य’ म्हणजे अश्लील. संस्कृत साहित्यशास्त्राने तर ग्राम्यपणाला काव्याचा दोषच ठरवले आहे. ‘नगर’चा तो ‘नागर’, म्हणजे सुसंस्कृत. ‘सभे’त बसणारा तो ‘सभ्य’. ‘कुला’चा तो ‘कुलीन’. गंमत अशी की मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणेही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. पण कुळकायद्यातल्या कुळाला कधी कोणी कुलीन म्हटलेले आम्ही ऐकले नाही. आणि आपल्या जातींची नावे? ती गावात कोणत्या शब्दांबरोबर आणि कोणत्या सुरात उच्चारली जात, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. शाळेत, पाणवठ्यावर, बाजारात ज्यांनी ऐकले त्यांना अजून ऐकू येते.

सिनेमात मात्र उलटी तऱ्हा. निळू फुले पडद्यावर पाटील किंवा सरपंच होऊन आले की आमच्या आया-मावश्या बसल्या जागी बोटे मोडत. माणूस म्हणून निळूभाऊ सेवादलाचे, सामाजिक कामातले. पण भूमिका वेठ करून घेणाऱ्याची. त्याला आपण व्हिलन म्हणत होतो. इतिहासाप्रमाणे पाहिले तर व्हिलन तो नव्हे. व्हिलन म्हणजे त्याच्या शेतातला सालगडी, ज्याचे साल पाडव्याला ठरते आणि उचल फिटेपर्यंत पाय निघत नाही.

शिवी झालेल्या शब्दाचा अर्थ कसा फिरवावा, याचे एक उत्तर मात्र इंग्लंडच्या कितीतरी आधी आपल्या देशात दिले गेले आहे. सुत्तनिपातात वसल सुत्त आहे. श्रावस्तीत भगवान बुद्ध भिक्षेसाठी जात असता अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने त्यांना दुरूनच ‘वसल’ म्हणून अडवले. वसल म्हणजे हीन, बहिष्कृत. भगवंतांनी शिवीला शिवी दिली नाही. वसल कोणाला म्हणतात हे तुला माहीत आहे काय, असे त्यालाच विचारले, आणि मग एकामागून एक कृत्ये सांगितली. अर्थ असा की म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा वसल, घेतलेले कर्ज नाकारणारा वसल. जन्माने कोणी नाही. म्हणजे शब्द तोच ठेवला, पण तो जन्मावरून काढून वागणुकीवर नेऊन ठेवला. इंग्रजी ‘व्हिलन’ही जन्मावरून वागणुकीवर गेला, पण जाताना जन्मलेल्या माणसाला बरोबर ओढून बदनाम करून गेला. दोहोंतला फरक आम्ही त्या मुलीला समजावला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे एकानं दारातून बाहेर काढलं अन् एकानं आत ढकललं.” आम्हांला इतके थोडक्यात सांगता आले नसते.

ते व्हिलन सुटले कसे, हेही पाहिले पाहिजे. १३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगची मोठी साथ आली. देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे मेली. राबणारे हात कमी झाले, तशी उरलेल्यांची किंमत वाढली. मजूर जास्त मजुरी मागू लागले. १३५१ साली सरकारने कायदा केला की मजुरी साथीच्या आधी होती तीच राहील. त्यातच दर डोई पट्टी बसवली, तिसऱ्या खेपेला तर पंधरा वर्षांवरील प्रत्येकी एक शिलिंग. गरिबालाही तीच आणि सावकारालाही तीच. जून १३८१ मध्ये एसेक्स आणि केंट भागातील लोक उठले आणि लंडनवर चालून गेले. वॉट टायलर त्यांचा पुढारी, जॉन बॉल नावाचा धर्मोपदेशक त्यांचा प्रचारक. जन्माने कोणी उच्च नाही आणि कोणी बांधलेला नाही, ही त्याची शिकवण. राजा दुसरा रिचर्ड चौदा वर्षांचा पोरगा. त्याने १४ जूनला भेट देऊन तुम्ही स्वतंत्र आहात अशा सनदा लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी वॉट टायलर मारला गेला. महिनाभरात सनदा रद्द झाल्या आणि जॉन बॉलला फाशी झाली. दिलेल्या शब्दाची आठवण द्यायला गेलेल्या लोकांना, तुम्ही होता तेच राहाल असे सुनावण्यात आले, अशी त्या काळच्या बखरकाराची नोंद आहे.

या बंडात लोकांनी एक काम गावोगाव केले. जमीनदारांच्या कचेऱ्यांतली दप्तरे बाहेर काढून जाळली. कोण कोणाचा व्हिलन, कोणाकडे किती दिवसांची वेठ, हे त्या गुंडाळ्यांवर लिहिलेले होते. कागद जळला की बंधन जळले, असा त्यांचा हिशेब. वकील आणि लिहिणारे कारकून यांच्यावर इतका राग होता की कोणाच्या अंगावर शाईची दौत सापडणेसुद्धा जिवावर बेतण्यासारखे होते. आम्ही तेवीस वर्षे कारकुनी केलेली माणसे. हे वाचताना खिशातल्या पेनकडे हात गेला, हे कबूल करतो.

पण कागदाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. बंड मोडले तरी वेठ पुढे टिकली नाही. माणसे शहरांकडे पळत होती. सनद मिळालेल्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेला व्हिलन मोकळा धरला जाई. मालकांनाही वेठीपेक्षा रोख खंड बरा वाटू लागला. आणि मग कुळाला त्याच दप्तरातल्या नोंदीची नक्कल मिळू लागली. जमिनीवर हक्क काय, तर हातातली ही नक्कल. इंग्रजीत त्या जमिनीला ‘कॉपीहोल्ड’च म्हणत. म्हणजे ‘नकलेची जमीन’. पुढे न्यायालये त्या नकलेच्या आधारे कुळाच्या बाजूने निकाल देऊ लागली. ही पद्धत कायद्याने अगदी अलीकडे, १ जानेवारी १९२६ पासून बंद झाली. ज्या दप्तराने आजोबाला बांधले, त्याच दप्तराची नक्कल नातवाच्या हक्काचा पुरावा झाली.

हे सर्व त्या मुलीला इतके लांबवून सांगण्याचे कारण होते. शब्दकोश घेऊन येण्याच्या आधीच तिची एक तक्रार आमच्याकडे पडून होती. तिचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात भोकरदन तालुक्यातले गाव सोडून जालन्यात आले. गावात अजून दोन खणांचे घर आहे, चुलते राहतात. त्या घराच्या नमुना नंबर आठच्या उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर वस्तीचे नाव ‘महारवाडा’ असे आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो उतारा लावताना एका खिडकीवर एका माणसाने पत्ता मोठ्याने वाचला. मागे तिच्या वर्गातल्या मैत्रिणी उभ्या होत्या. त्याने वाईट शब्द एकही वापरला नाही. फक्त पत्ता वाचला. पोरगी तीन दिवस शाळेत गेली नाही. शहरात येऊन पन्नास वर्षे उलटली, वर्ष आणि दिवसाचे सोडा. व्हिलनचे पोर शहराच्या गर्दीत मिसळून जाई, कारण त्याच्या हातचे पाणी कोणी नाकारत नव्हते. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे, तो येथे कळतो.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय घेतला की गावे, वस्त्या आणि रस्ते यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. तिच्या गावात तो कागद पोहोचला असेल, पण उताऱ्यावर उतरलेला नाही. तेव्हा अर्ज करायचे ठरले. अर्ज लिहायला बसलो तर वस्तीतले एक तात्या म्हणाले, “नाव बदलून काय होतंय? महार पलटण नाव लावून लढती की नाही? लाजायचं कशाला?”

तात्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली आणि ते नाव आजही अभिमानाने मिरवते. पण आमच्या मते फरक आहे. पलटणीचे नाव लढणाऱ्यांनी आपले म्हणून घेतले. वस्तीचे नाव गावाने दिले, कोणी कोठे राहायचे हे दाखवण्यासाठी. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला. दादासाहेब गायकवाडांची उपसूचना फेटाळली गेली, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून निघून गेले. तो शब्द दिसायला शिवी नव्हता, उलट गोडच होता. पण ज्यांचे नाव ठेवायचे त्यांचेच ऐकायला सभागृह तयार नव्हते. आम्हांला विचाराल तर प्रश्न शब्द कडू की गोड हा नाहीच. नाव ठेवताना विचारले कोणाला, हा आहे.

अर्ज झाला. पण मुलीचे वडील उत्साहाच्या भरात जुन्या पावत्या फाडायला निघाले, तेव्हा आम्ही त्यांचा हात धरला. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे कित्येक घरांचा पुरावा म्हणजे शाळेच्या किंवा महसुलाच्या दप्तरातली एखादी उर्दू नोंद, एवढाच असतो. १९५६ ला धम्म घेतला, १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्याची वाट आजही त्या जुन्या शब्दावरूनच जाते. पत्त्यावरून जो शब्द पुसायचा, तोच पेटीत जपून ठेवायचा. ज्यांच्या घरी अशी जुनी पावती, आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा पाहणीची नक्कल असेल, त्यांनी ती घडीवर फाटण्याआधी साक्षांकित प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. उर्दू नोंदीचे मराठी भाषांतर करून घेतले असेल तर तेही मूळ प्रतीबरोबरच ठेवावे, वेगळे नको.

मुलीने त्या पावत्यांच्या तीन तीन झेरॉक्स काढल्या. मूळ कागद तिच्या आईने लोखंडी पेटीत, लग्नाच्या साडीखाली ठेवले. अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतली आहे, विषय येत्या ग्रामसभेपुढे यायचा आहे. वस्तीतल्या तरुणांना क्रांतीनगर हवे आहे, बायकांनी रमाबाईनगर लावून धरले आहे, आणि तात्यांनी अजून सही केलेली नाही.